टाकीमागचं चेन्नई

मी खोटं बोललो, आणि तेही हलक्या दर्जाचं. ज्या शनिवारी मी कंपनीच्या कामानं चेन्नईत असल्याचं दोन माणसांना कळवलं होतं, त्या शनिवारी मी पुंडलिकनगरात, स्वतःच्याच घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं उकिडवा बसलो होतो. अंगात बनियन आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. खाली माझ्या बैठकीत ती दोन माणसं माझ्या बायकोच्या हातचा चहा पीत होती. परक्या देशात मी आजारी पडलो तेव्हा त्यांनी मला घरी ठेवून घेतलं होतं. निघताना मी त्यांना म्हणालो होतो, माझ्या घरी या. ती आली. एवढाच त्यांचा गुन्हा.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमधले दोष शोधायचे, हे माझं काम. पन्नाशी जवळ आली तसं मला एकाएकी वाटायला लागलं, की आपण घर आणि वाळूज यांच्या पलीकडं काही पाहिलंच नाही. फोनवर पोरं पाठीवर बॅग टाकून देशोदेशी फिरताना दिसायची. मी ठरवलं, आपणही जायचं. व्हिएतनामला. टूरबरोबर नाही, एकट्यानं.

बायको म्हणाली, "पाठीवर बोचकं घेऊन उन्हात फिरायचं तर त्याला विमान कशाला पाहिजे? माझ्या माहेरी चला. दोन पोती ज्वारी आणायचीच आहे."

लेकीनं मात्र हौसेनं मोठी बॅग आणून दिली. तिच्यात मी चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि चार दोऱ्या भरल्या. दोऱ्या कशासाठी ते मला अजून सांगता येत नाही. व्हिडिओतल्या पोरांकडं असायच्या.

हनोईच्या फुटपाथवर लोक चिमुकल्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून खातात. मी त्यांच्यामधून चालायचो आणि पाठीवर बॅग आहे हे विसरून वळायचो. वळलो की मागं काहीतरी पडायचं. एकदा जेवायच्या काड्यांचा डबा पडला, एकदा एका म्हाताऱ्याची टोपी, एकदा तर आख्खा म्हातारा. त्यामुळं तिथल्या भाषेतला पहिला शब्द मी शिकलो तो 'शिन लोई', म्हणजे माफ करा. दिवसभर म्हणायचो. इतका सराव झाला की काही पडायच्या आधीच तोंडातून निघायचा.

पण माणसं चांगली भेटली. स्वस्तातल्या हॉस्टेलात मला वरचा बंक मिळाला. दोन जर्मन पोरांनी रोज खालून ढकलून मला वर चढवलं. एका सुपाच्या गाडीवाल्या बाईनं माझ्यासाठी मांसाशिवाय वेगळा रस्सा ठेवायला सुरुवात केली. या सगळ्यांना निरोप देताना मी छातीवर हात ठेवून सांगायचो, "आमच्या घरी या. अजिंठा आमच्या घरामागंच आहे."

आता अजिंठा आमच्या घरामागं नाही. एसटीनं अर्धा दिवस जातो. आणि घरी या म्हणणं ही आपली निरोपाची रीत आहे. दारात उभं राहून, एक हात कडीवर ठेवून आपण म्हणतो, "जेवूनच जायचं होतं!" समोरचाही चपला घालत म्हणतो, "आता काय, येतच राहू." त्याला कळतं, आपल्याला कळतं. खरंच बोलवायचं असेल तर आपण वार सांगतो. वार सांगितला नाही म्हणजे समोरच्यानं समजून घ्यायचं. ही रीत इतकी अंगात मुरलेली, की ती जगातल्या सगळ्यांना ठाऊक असेल असं मी धरूनच चाललो. निम्म्या व्हिएतनामला मी पुंडलिकनगरात जेवायला बोलावून ठेवलं.

मग ती स्लीपर बस आली. तिथल्या बसमध्ये चढताना चपला काढून पिशवीत घ्यायच्या आणि दोन मजली कप्प्यांमध्ये झोपून प्रवास करायचा. कप्पा तिथल्या माणसाच्या मापाचा असतो. मी आत शिरलो खरा, पण पोट कठड्याला टेकलं आणि मला कुशीवर वळता येईना. दुपारची वेळ, वळणांचा रस्ता, आणि सकाळी गाडीवर खाल्लेलं काहीतरी पोटात फिरायला लागलेलं. शेजारच्या कप्प्यात एक बाई होत्या, साठीच्या आसपास. त्यांनी माझा चेहरा पाहिला, पिशवीतून आल्याची साखरेत घोळलेली वडी काढली आणि सरळ माझ्या तोंडात घातली. मग फोनमध्ये त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि तो पुढं धरला. फोनमधली बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "तुमचे वय किती आहे?"

मरायला टेकलेल्या माणसाला वय का विचारतात ते मला कळेना. पुढं कळलं. तिथं वय कळल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. कोण मोठं, कोण लहान ते ठरलं की मग एकमेकांना नात्यानं हाक मारायची. मी वय सांगितलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, "चि." मोठी बहीण. माझ्याकडं बोट केलं, "एम." धाकटा भाऊ. आपल्याकडं काय, ताई म्हणायला वेळ लागत नाही. मी लगेच ताई म्हणालो आणि लगेच पिशवीत ओकलो.

माझं उतरायचं गाव अजून लांब होतं. ताई त्यांच्या गावाला उतरल्या ते मला सोबत घेऊनच. त्यांच्या घरी मी आठवडाभर राहिलो. ताप होता, जुलाब होते. ताईंचे यजमान वीजखात्यातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, भलते थट्टेखोर. त्यांनी मला त्यांचा पायजमा दिला. तो माझ्या मांडीपर्यंतच चढला. ताई दिवसातून तीनदा तांदळाची पातळ पेज करायच्या. पहिले दोन दिवस माझा हात थरथरायचा, म्हणून चमच्यानं भरवायच्या. मी खाल्लं की यजमान माझ्या पोटावर थाप मारून फोनमध्ये काहीतरी बोलायचे, आणि फोनमधली बाई गंभीरपणे विचारायची, "कितवा महिना चालू आहे?"

घरात भिंतीला लागून बुद्धाची छोटी मूर्ती होती. ताई रोज तिच्यापुढं उदबत्ती लावायच्या. मी कुठला, ते सांगताना अजिंठ्याचं नाव घेतलं तेव्हा त्यांच्या हातातली काडी विझेपर्यंत तशीच राहिली. त्यांच्या देवळातल्या भिक्षूंकडून त्यांनी त्या लेण्यांबद्दल ऐकलं होतं. आयुष्यात एकदा जायची इच्छा होती. "तुम्ही पाहिली आहेत का?" फोननं विचारलं. मी म्हणालो, "पाहिली? ताई, मला तिथलं एकेक चित्र पाठ आहे."

मी अजिंठ्याला दोनदा गेलो होतो. एकदा शाळेच्या सहलीत, तेव्हा माकडानं माझा डबा पळवला आणि मी बाहेर रडत बसलो. दुसऱ्यांदा मेव्हण्याबरोबर, तेव्हा त्याचे फोटो काढले.

निघायच्या दिवशी बसथांब्यावर मला खरंच रडू आलं. मी ताईंच्या पाया पडलो. त्या घाबरून मागं सरल्या. मग मी फोनमध्ये म्हणालो, "ताई, आता तुमची पाळी. बहिणीनं भावाच्या घरी यायलाच पाहिजे. महिनाभर राहा. अजिंठा मी स्वतः दाखवतो." यजमान हसले नाहीत. ताईंनी विचारलं, "कोणत्या महिन्यात ऊन कमी असते?" तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. आपल्याकडं असं कुणी विचारत नाही. मी म्हणालो, "होळीच्या आधी." आणि पत्ताही लिहून दिला, अगदी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यासकट.

घरी आल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. गल्लीत आणि कंपनीत मी प्रवास सांगायला लागलो, आणि त्या सांगण्यातून ताई हळूहळू गळत गेल्या. आधी चमचा गळाला, मग पेज, मग घर. शेवटी उरला एक माणूस, जो परक्या मुलखात तापानं फणफणत होता आणि जवळच्या हळदीवर, मनाच्या बळावर बरा झाला. गल्लीच्या गणपतीत याच गोष्टीसाठी मला शाल आणि नारळ मिळाला. मी भाषण केलं. बायको पहिल्या रांगेत बसली होती.

होळी जवळ आली तसा ताईंचा मेसेज आला. "धाकट्या भावा, तिकीट काढले आहे. तुझ्या घरी तीन दिवस राहू. वहिनीला सांग, आम्ही काहीही खातो."

तो वाचून मला आनंद झाला असता तर मी चांगला माणूस ठरलो असतो. मला आधी आमच्या संडासाच्या दाराची कडी दिसली, जी लागत नाही. मग भिंतीची ओल. मग आठवड्यातून एकदा येणारा नळ. ही सगळी कारणं मी स्वतःला ओळीनं सांगितली, पण खरं कारण शाल होती. ताई आल्या की पेजेची गोष्ट येणार, चमचा येणार, तो मांडीपर्यंतचा पायजमा येणार. म्हणून मी कळवलं, "फार वाईट वाटतं, पण कंपनीच्या तातडीच्या कामानं त्याच आठवड्यात चेन्नईला जावं लागतंय." उत्तर आलं, "काम आधी. काळजी करू नकोस." पुढं एक हसरा चेहरा. मला वाटलं, सुटलो. घरात मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी सुट्टी होती, आणि आठवड्यानं नळ आला होता. मोटर चालू करून मी खिडकीत उभा होतो, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी एक रिक्षा थांबली. आधी यजमान उतरले, मग त्यांच्यापेक्षा मोठी एक बॅग, मग ताई. रिक्षावाला माझ्या घराकडं बोट करत होता.

मी बायकोला एवढंच म्हणालो, "कोणी आलं तर सांग, मी चेन्नईला गेलोय."

"चेन्नईला? या चड्डीवर?"

मी तोवर जिन्यात होतो.

गच्चीवर लपायला टाकीशिवाय दुसरी जागा नाही. मी तिच्यामागं बसलो. खालून आवाज यायला लागले. आधी बायकोचा गोंधळलेला "या या, बसा", मग फोनमधल्या बाईचं शुद्ध मराठी. मग बायकोचा एकच शब्द, "अगंबाई!" तो मी ओळखतो. काहीतरी मोठं उघडकीला आलं की तो येतो. नंतर कळलं, ताईंनी तिला फोटो दाखवला होता. मी खाटेवर, आखूड पायजम्यात, तोंड उघडं, आणि समोर ताईंच्या हातात चमचा.

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकांना मी दिसलो. ते मूळचे सिल्लोडकडचे, आवाज शेताला पुरेल असा.

"काय साहेब, टाकीमागं काय करायलात?"

मी दोन्ही हात जोडले. "हळू बोला हो काका. मी चेन्नईला गेलोय."

"व्हय का?" त्यांनी टॉवेल झटकला. "मग कधी येणार?"

तेवढ्यात टाकी भरली. माझ्या पाठीशी, झाकणाखालून पाणी उतू जायला लागलं. आधी ओघळ, मग धार. ती माझ्या पायाखालून वाहत पन्हाळीत आणि पन्हाळीतून रस्त्यावर. खाली कुणाचं लक्ष नव्हतं. मोटर धडधडत होती. मी स्वतःला सांगितलं, गप्प बस. वाहू दे. आठवड्याचं पाणी गेलं तरी चालेल, इज्जत राहील. पण या शहरात ज्याचं अर्धं आयुष्य नळाची वाट बघण्यात गेलं, त्याच्यानं डोळ्यांदेखत पाणी वाया जाऊ देणं होत नाही. ते डोक्याला विचारून होत नाही, थेट घशातून येतं. मी टाकीमागून उठलो आणि सगळ्या ताकदीनं ओरडलो, "अगं मोटर बंद कर! टाकी वाहून चालली!"

मोटर बंद झाली. त्याबरोबर खालचं बोलणंही बंद झालं.

"आले साहेब चेन्नईहून," काका म्हणाले.

मी खाली आलो. चड्डी ओली, पाय ओले. बैठकीत तिघंही माझ्याकडं बघत होती. तिथं माफी मागायची सोडून मी काय म्हणालो, तर "विमान रद्द झालं. आत्ताच आलो." गच्चीवरून. बनियनवर.

यजमानांनी फोनमध्ये काहीतरी म्हटलं. फोन बोलला, "विमान छतावर उतरले का?" त्यांच्या डोळ्यांत नेहमीची थट्टा होती. मी हसायला तोंड उघडलं, पण ताई हसत नव्हत्या. त्यांनी बॅगेतून एक डबा काढला, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला आणि फोनमध्ये हळू बोलल्या. "ही आल्याची वडी आहे. बसप्रवासासाठी. तुमच्या घरी ठेवून जाणार होतो. आम्ही हॉटेलमध्ये खोली घेतली आहे. आपल्याला त्रास देणार नाही, महोदय."

आजवर फोनमधल्या बाईनं मला प्रत्येक वाक्यात धाकटा भाऊ म्हटलं होतं. आता मी महोदय झालो होतो. ताईंनी कोणता शब्द वापरला ते मला कळलं नाही, पण 'एम' नव्हता, एवढं मी कानांनी ऐकलं.

बायकोनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं, भाकरी, ठेचा. यजमानांनी ठेच्याची बोटं चाटली, पाण्याचे दोन तांबे रिकामे केले आणि पुन्हा ठेचा मागितला. बायको आणि ताई स्वयंपाकघरात भाकरीच्या पिठावर वाकून हातवारे करत राहिल्या. मी बैठकीत, ओल्या चड्डीत, पाहुण्यासारखा बसलो. रिक्षा आणायला मात्र मला पाठवलं.

ती गेल्यावर बायको भांडी घासत म्हणाली, "हळदीनं बरे झालात ना?"

मी घासलेलं ताट पुसायला घेतलं.

"त्या बाईनं लेकरासारखं भरवलं तुम्हाला. मला सांगितलं असतं तर मी तिच्यासाठी साडी घेऊन ठेवली असती. खोटं तिच्याशी बोललात ते बोललात, पण मला पहिल्या रांगेत बसवून बोललात." थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या सकाळच्या एसटीनं जाणार आहेत ते. दशम्या करते. द्यायला जा."

दशम्या फक्त निमित्त होतं, ते तिला आणि मलाही कळत होतं.

सकाळी बसस्टँडवर ती दोघं जळगावच्या गाडीत बसलेली सापडली. तीन जणांचं बाक होतं. यजमान काही न विचारता सरकले. मी कडेला बसलो. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. फुलंब्री गेलं, सिल्लोड आलं. बस हेलकावे खात होती. मला मळमळायला लागलं, आणि कबूल करतो, या वेळी मी नाटक करत नव्हतो. ताईंनी न बघताच पर्समधून आल्याची वडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. तोंडात घातली नाही.

लेण्यांशी पोचलो. पहिल्याच लेण्यात, चपला काढून आत गेल्यावर, यजमानांनी अंधारात एका चित्राकडं बोट दाखवलं आणि माझ्याकडं पाहिलं. भुवया वर केल्या. म्हणजे, हे काय आहे? एकेक चित्र पाठ असलेला माणूस शेजारी होता. मी मान हलवली आणि हात उघडे केले. माहीत नाही. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागले.

शेवटाकडच्या एका लेण्यात, आत शिरल्यावर डाव्या भिंतीला, कुशीवर पहुडलेली बुद्धाची प्रचंड मूर्ती आहे. शाळेच्या सहलीत ती मी पाहिली नव्हती. माकडामुळं. ताई तिच्यासमोर गुडघे टेकून बसल्या. उदबत्ती लावायला परवानगी नाही, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले. शाळेची एक सहल येऊन गेली, एक नवं जोडपं फोटो काढून गेलं, त्या हलल्या नाहीत. मूर्तीच्या पायाशी दगडात रडणारी माणसं कोरलेली आहेत. ताईंच्या गालावरून पाणी वाहत होतं. मी ज्याचं नाव निरोप देताना नुसतं बोलायचं म्हणून घेत होतो, त्या अजिंठ्यासाठी ही बाई आयुष्यभर थांबली होती. आणि ती इथं रिक्षा, हॉटेल, एसटी असं विचारत विचारत माझ्याशिवायच पोचावी म्हणून मी टाकीमागं बसलो होतो.

बाहेर येऊन त्या पायरीवर टेकल्या. खाली नदी आटलेली होती. मी फोन काढला. रात्री मी माफीचं वाक्य तयार करून ठेवलं होतं, चांगलं चार ओळींचं, त्यात 'परिस्थिती' असा शब्दही होता. त्या दरीत रेंज नव्हती. फोनमधली बाई एक अक्षर बोलेना. मी फोन वर धरला, खाली धरला, झाडाखाली नेला. यजमान तोंड दाबून हसत होते.

शेवटी मी फोन खिशात घातला आणि ताईंच्या खालच्या पायरीवर बसलो. त्यांना मराठी कळणार नव्हतं. त्यामुळं पहिल्यांदाच चांगलं दिसायची सोय नव्हती. मी कान धरले, जसे शाळेत धरायचो.

"ताई," मी म्हणालो, "मी चेन्नईला गेलो नव्हतो. मी घरीच होतो. तुम्ही मला भरवलं हे लोकांना कळू नये म्हणून लपलो. घरी या म्हणालो तेव्हा तुम्ही याल असं मला वाटलंच नव्हतं, आणि आलात तेव्हा मला नको झालात. माझं चुकलं, ताई. चि, शिन लोई."